सातबारा नाही, म्हणून जामीन नाही

महाळुंग्यात तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोन्ही अंगाला कंपन्यांच्या भिंती उभ्या राहतायत. त्या भिंती बांधणारी पोरं आपल्या वाड्यांमधली आहेत. मुकादम वाडीवर येतो, उचल देतो, टेम्पोत भरून आणतो. पत्र्याच्या खोपटात राहायचं, खडी-वाळू वाहायची, शनिवारी चाकणच्या बाजारात मीठमिरची घ्यायची. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. या अंकात त्या भिंतींवरून आत गेलेल्या पोरांबद्दल लिहितोय. आत म्हणजे कंपनीत नाही, जेलात.

२००२ साली भातकापणीच्या आधी अशाच एका भिंतीच्या कामावर पाच पोरं होती. तीन आपली, ठाकरवाडीची. दोन जवळपासच्या गावातली, घरी थोडी बागायत असलेली, हातखर्चाला कामावर आलेली. साइटच्या कोठीतून तांब्याच्या केबलचं बंडल गेलं. रात्रीच्या वॉचमनने सांगितलं की ही पोरं तिथंच झोपत होती. पाचही जणांना उचललं. कलम एकच, ३७९. पंचनामा एकच. पंच तेच दोघं. कोर्टात उभं केलं तेसुद्धा एकाच दिवशी.

चोरी झालीच नाही असं आम्ही म्हणत नाही. केबल गेली हे खरं. कुणी नेली ते आम्हाला माहीत नाही, पोलिसांनाही माहीत नव्हतं. पण ते राहू द्या, कारण पुढची गोष्ट चोरीची नाहीच.

पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी मिळाली, आणि जामीन मंजूर झाला. पाचही जणांचा. हे नीट ऐका. साहेबांनी आपल्या पोरांना काही वेगळं वागवलं नाही. पाचांना सारखाच हुकूम दिला : पाच हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार.

चौथ्या दिवशी ती दोन पोरं घरी गेली. आपली तीन एकाहत्तर दिवस आत राहिली.

हुकूम सारखा, कलम सारखं, आरोप सारखा. मग फरक कशात होता? सातबाऱ्यात. त्या दोघांचे चुलते सकाळी तलाठ्याकडं गेले, उतारा काढला, तहसीलमधून ऐपतीचा दाखला घेतला, रेशनकार्ड आणि दोन फोटो जोडले आणि कोर्टात उभे राहिले. संपलं. आपल्या पोरांच्या मागं कोण उभं राहणार? एकाची आई विधवा. एकाचा बाप वनखात्याच्या जमिनीवर वरई-नाचणी करतो, तीन पिढ्या तिथं राबलेत, पण कागदावर ती जमीन जंगल आहे आणि बाप अतिक्रमणदार आहे. तिसऱ्याच्या आज्याची जमीन होती. ती सावकाराच्या नावावर कशी गेली ते वाडीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त कागदाला ठाऊक नाही.

तरी आम्ही फिरलो. वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर दीड एकर आहे. तो बिचारा कापणी टाकून आला. त्याचा उतारा बघून आम्हाला सांगण्यात आलं की ही आदिवासीची जमीन आहे, कलम ३६-अ लागतं, परवानगीशिवाय विकता येत नाही. उद्या आरोपी पळाला तर वसुली कशातून करायची? दुसरा जामीनदार आणा. साथींनो, हे लक्षात घ्या. आपली जमीन कुणी लुबाडू नये म्हणून जो कायदा झाला, तोच दाखवून आपला म्हातारा नालायक जामीनदार ठरवला. मग एकाच्या मामाला आणलं, तो शेजारच्या तालुक्यातला. त्याला सांगितलं की याच तालुक्यातला जामीनदार पाहिजे. मामाची दोन दिवसांची मजुरी आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडं गेलं.

कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीपाशी एकाने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, जामीनदार पाहिजे का? त्याच्या पिशवीत सातबारे होते. दरही सांगितला. तो दर ऐकून पोराची आई म्हणाली, एवढे पैसे असते तर पोरगं भिंतीवर कशाला धाडलं असतं?

या एकाहत्तर दिवसांत काय झालं ते थोडक्यात सांगतो. एकाच्या घरचं भात उभं असतानाच गळलं. एकाच्या बायकोने डोरलं गहाण टाकलं, दोन शेळ्या विकल्या. मुकादमाने उचलीचा हिशोब करून उरलेले पैसे फिरतीवर धरले. सरकारी मदतीचा वकील चाळिसाव्या दिवसानंतर भेटला. खरं तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाच्या दाखल्याचीही अट नाही. तो कायदा १९९५ सालापासून लागू आहे. आपल्या पोरांना हे कुणी सांगितलं नाही. आणि आम्हीही वेळेवर सांगितलं नाही, ही आमचीही चूक आहे, ती इथं लिहून ठेवतो.

आता शेवट ऐका. वकिलाने आमच्या एका पोराला सांगितलं, "गुन्हा कबूल कर. जेवढे दिवस आत काढलेस तेवढीच शिक्षा धरतील, आजच घरी जाशील. नाही म्हणालास तर खटला चालेल, किती वर्षं ते मी सांगू शकत नाही." वकील खोटं बोलत नव्हता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४२८ कलमात आधी काढलेले दिवस शिक्षेतून वजा होत होते. पोराने कबूल केलं. त्याने चोरी केली नव्हती असं तो आईची शपथ घेऊन सांगतो. पण कबूल केलं नाही तर आत, कबूल केलं तर बाहेर. तुम्ही काय केलं असतं? आज तो सजा भोगलेला गुन्हेगार आहे. गेल्या सहा महिन्यांत महाळुंग्याच्या पट्ट्यात भंगार गेलं, मोटार गेली, पाइप गेला, की पहिली विचारणा त्याच्याकडं होते.

ही गोष्ट आम्ही एवढी लांबवून सांगितली, कारण २००३ साली दिल्लीत फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्याचा मोठा गाजावाजा चालू होता. न्यायमूर्ती मळीमठ यांच्या अध्यक्षतेखाली २००० साली एक समिती नेमली होती. तिने २००३ साली तेव्हाचे गृहमंत्री अडवाणी यांच्या हातात दोन खंडांचा अहवाल दिला. त्यात १५८ शिफारशी आहेत. शिबिरात वकील मित्रांनी त्यातल्या मुख्य मुख्य आम्हाला समजावून सांगितल्या. पेपरात आलं, चर्चा झाल्या, की आता गुन्हेगार सुटणार नाहीत.

समितीचं दुखणं खोटं नाही. खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, साक्षीदार फितूर होतात, मोठे गुन्हेगार निर्दोष सुटतात. हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या परत द्यायच्या. आता आमच्या वाडीतल्या कुणालाही विचारा, जमीन फसवून लिहून घेतली म्हणून एक तरी माणूस जेलात गेलेला पाहिलाय का? तेव्हा मोठे सुटतात याचा राग आम्हालाही आहे. आणि समितीने फिर्यादीला, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला, खटल्यात जागा द्यावी, भरपाईसाठी निधी ठेवावा असंही म्हटलंय. ते बरोबर आहे, त्याला आमचा पाठिंबा आहे.

पण मोठे पकडायला समितीने जाळं कसलं विणलं ते पाहा. समिती म्हणते, पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब, रेकॉर्डिंग करून, कोर्टात पुरावा धरावा. गंभीर गुन्ह्यांत पोलीस कोठडी १५ दिवसांची ३० दिवस करावी. दोषारोपपत्राला आणखी ९० दिवस द्यावेत. आरोपी गप्प राहिला तर कोर्टाने त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध काढावा. आणि 'संशयाला जागा नाही' एवढा पक्का पुरावा न मागता कोर्टाची खात्री पटली की शिक्षा द्यावी.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुरावा धरायचा नाही, हा नियम कुणी केला? इंग्रजांनी. १८७२ च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम. ते काय आपले सोयरे नव्हते. पण त्यांना आपले शिपाई ठाऊक होते. कोठडीत माणूस काय काय कबूल करतो हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. स्वतंत्र भारतातल्या समितीला मात्र वाटतं की अधिकारी मोठा असला आणि टेप चालू असली म्हणजे भागलं. अहो, मारहाण टेप चालू करायच्या आधी होते, हे लहान पोरगंही सांगेल. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली अटकेबद्दल अकरा सूचना दिल्या, डी. के. बसूंच्या खटल्यात. अटकेचा कागद करा, नातेवाइकाला कळवा, डॉक्टरी तपासणी करा. आपल्या तिघांच्या अटकेची खबर वाडीत कशी आली? पोलिसांकडून आली नाही. टेम्पोवाल्याने सांगितली, तिसऱ्या दिवशी.

आणि 'गप्प राहिला तर दोषी' म्हणजे काय? आपली माणसं साहेबासमोर गप्प बसतात. भाषा वेगळी, शब्द सापडत नाहीत, मान खाली जाते. आमच्यातले जे बारावीपर्यंत शिकले तेसुद्धा कोर्टात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा नाव विचारल्यावर नुसते बघत राहिले. हे गप्प राहणं कबुली धरायचं झालं तर निम्म्या वाड्या आजच दोषी आहेत.

शहरातली शिकलेली माणसं या शिफारशींना विरोध करत होती, त्यांचं म्हणणं की आरोपीवर ओझं टाकलं तर लोकशाही धोक्यात येईल. आमचा त्यांना पाठिंबा आहे. पण एक गोष्ट त्यांना सांगायची आहे. हे ओझं आमच्यावर आधीपासून आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं ६९ वं कलम कुणीही काढून वाचावं. जंगलातला माल सरकारचा की कुणाचा असा वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. म्हणजे बाईच्या डोक्यावरची मोळी सरकारची. तिने सिद्ध करायचं की काटक्या तिच्या बांधावरच्या आहेत. कसं करणार? बांधाचाच कागद नाही. शहाण्या माणसांना जे उद्या येईल म्हणून भीती वाटते, त्यात आमची तिसरी पिढी चाललीय. आणि ३ मे २००२ ला दिल्लीच्या वनखात्याचं पत्र निघालं की सप्टेंबरअखेरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं काढा. ज्या बापाला त्या पत्राने अतिक्रमणदार ठरवलं, त्याचंच पोरगं जामीनदार नाही म्हणून आत होतं. एकाच जमिनीने बापाला गुन्हेगार केलं आणि लेकाला कच्चा कैदी.

ओझं फिरवायचंच असेल तर कुठं फिरवायचं तेही आमच्याच एका बहिणीने दाखवून दिलंय. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात, आता तो भाग गडचिरोलीत येतो, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला झाला. मथुरा या नावाने देशाला ती माहीत आहे. नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ साली पोलिसांना सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही. बघा, इथंही गप्प राहणं तिच्याच विरुद्ध गेलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला : स्त्री कोठडीत असताना तिच्याशी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तिने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्ट तिचं खरं धरून चालेल. म्हणजे ओझं कुणावर? ज्याच्या हातात कोठडीची किल्ली आहे त्याच्यावर. हा न्याय झाला. विधी आयोगाने १९८५ साली, ११३ व्या अहवालात, आणखी एक सांगितलं होतं : कोठडीत माणसाला जखमा झाल्या तर त्या पोलिसांनीच केल्या असं कोर्टाला धरता यावं. त्या गोष्टीला २००३ साली अठरा वर्षं झाली, तोवर तसा कायदा झाला नव्हता. किल्लीवाल्यावरचं ओझं अठरा वर्षं टेबलावर पडून होतं आणि कोठडीतल्यावरचं ओझं वाढवायची घाई लागली होती.

बारामती काही आपल्यापासून लांब नाही, एकाच जिल्ह्यात आहे. १९९८ च्या जूनमध्ये तिथं पारधी समाजाचा एक माणूस पोलिसांच्या मारहाणीत मेला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो आपल्या सरकारने १९५२ साली काढला. काढला म्हणजे पुस्तकातून काढला. ठाण्यात चोरीची खबर आली की अजून जातीवरूनच शोध सुरू होतो. महाळुंग्याला वॉचमनने पाच पोरांची नावं सांगितली तेव्हा ठाण्यात पहिला प्रश्न काय विचारला असेल ते आम्हाला सांगायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १५८ शिफारशींवर देशभर बोलणं चाललं होतं ते पुरावा, कबुली आणि शिक्षा यांवर. म्हणजे खटला कसा संपावा यावर. आमच्या पोरांचा खटला संपायच्या आधीच त्यांची शिक्षा भोगून झाली. आमच्यासाठी न्यायव्यवस्था कोर्टाच्या निकालात नाही, ती जामीनदाराच्या कागदात आहे. तो कागद बदलत नाही तोवर बाकी सुधारणा आमच्या वाडीपर्यंत पोचत नाही.

आणि हे काही आम्ही नवीन सांगत नाही. १९७८ साली सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण गेलं. तो मध्यप्रदेशातला गरीब माणूस. मॅजिस्ट्रेटने त्याला दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर म्हणाले, याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्यावर चांगलं खडसावलं. दहा हजारांचे एक हजार केले. दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं चूक आहे असं सांगितलं, आणि गरिबाला स्वतःच्या मुचलक्यावरही सोडता येतं असं सांगितलं. गवंडी! आमची पोरं भिंतीच बांधत होती. पंचवीस वर्षांनी आमच्या मामाला तेच उत्तर मिळालं. १९७९ साली हुसेनारा खातून प्रकरणात बिहारच्या जेलातली माणसं समोर आली, गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा त्याहून अधिक वर्षं खटल्याशिवाय आत पडलेली. तेव्हा न्यायमूर्ती भगवतींनीही हेच सांगितलं, की ज्याची मुळं गावात आहेत त्याला पैशाच्या हमीशिवाय सोडा. तेव्हाच्या संहितेच्या ४४० कलमातही लिहिलं होतं की जामिनाची रक्कम अवाजवी नसावी. रोज साठ रुपये मिळवणाऱ्याला पाच हजार वाजवी होते का, हा हिशोब कुणी मांडायचा?

अटकेचंही तसंच. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात म्हटलं होतं की शंभरातल्या जवळजवळ साठ अटका गरज नसताना किंवा अयोग्य रीतीने होतात, आणि जेलांच्या खर्चातला त्रेचाळीस टक्के खर्च अशा कैद्यांवर होतो. हे आयोग सरकारनेच नेमले होते. आधीचं हे औषध कपाटात ठेवून नवा डॉक्टर बोलावला आणि त्याने मोठी सुई काढली.

काही जण म्हणतात, जामीनदार नको म्हणता, मग आरोपी पळून गेला तर? आमच्या संघटनेतल्याही एका जुन्या साथीने बैठकीत हे विचारलं, म्हणून उत्तर देतो. ठाकर पळून कुठं जाईल? त्याची वाडी, त्याचा डोंगर, त्याचे देव, त्याची लग्नाची माणसं सगळी तीन कोसांत. पासपोर्ट काढून परदेशात जाणारे कुणाच्या वाडीतले असतात ते पेपरात येतंच. आणि हे नुसतं आमचं बोलणं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९६१ साली एक प्रयोग झाला. कायद्याची पोरं आरोपीला भेटून विचारायची : कुठं राहतोस, किती दिवस, घरी कोण आहे, काम काय करतोस? मुळं घट्ट दिसली की पैसे न घेता सोडण्याची शिफारस करायची. सोडलेले जवळजवळ सगळे तारखेला हजर राहिले. त्यावरून १९६६ साली तिथं जामिनाचा नवा कायदा झाला. हुसेनारा प्रकरणात भगवतींनी या प्रयोगाचाही दाखला दिला होता. प्रश्न तेच : कुठं राहतोस, घरी कोण आहे? यातला एकही प्रश्न सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. सातबारा सांगतो की माणसाकडं काय आहे. माणूस तारखेला येईल की नाही हे त्याची वाडी सांगते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिल्यांदा आरोप आलेल्या, लहान गुन्ह्यातल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडा. आठ दिवसांत जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून हुकूम बदलावा, कैद्याने अर्ज करायची वाट बघू नये. अर्ज लिहिणार कोण? हमी लागतच असेल तर वाडीच्या सभेचा ठराव हमी म्हणून धरा. दहा घरांनी अंगठे दिले की आमचा माणूस तारखेला येईल, तर ते दहा अंगठे टपरीवरच्या भाड्याच्या सातबाऱ्यापेक्षा खरे असतात. खेड तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, शेजारच्या जुन्नर-आंबेगावातली काही गावं आहेत, म्हणून ग्रामसभेच्या खास कायद्याचा आधार इथं मिळत नाही असं वकील म्हणतात. ठीक. पण जामिनाचा हुकूम मॅजिस्ट्रेटच्या हातात आहे, त्याला पेसा लागत नाही. आणि आदिवासीची जमीन विकता येत नाही म्हणून तो जामीनदार होऊ शकत नाही, हे उत्तर पुन्हा कुठल्याही कोर्टात ऐकू आलं तर त्याची लेखी नोंद मागायची, तोंडी ऐकून परत फिरायचं नाही. आम्ही फिरलो, ती आमची दुसरी चूक.

आणि जमिनीचा दावा सोडायचा नाही. काही साथी म्हणतात की पोरांना सोडवणं वेगळं आणि जमिनीची लढाई वेगळी, पहिल्यात वेळ घालवला तर दुसरी मागं पडते. त्यांना आम्ही एवढंच विचारतो, ज्या पोराच्या आज्याची जमीन सावकाराकडं गेली ती परत मिळाली असती, तर त्याचा बाप चौथ्या दिवशी उतारा घेऊन कोर्टात उभा नसता का? आणि जमीन असती तर पोरगं ऐन कापणीत महाळुंग्याला दुसऱ्याची भिंत बांधत असतं का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांवर उठला, तेव्हाही भांडण कागदाचंच होतं. कागद सावकाराकडं, म्हणून तो खरा. होन्या १८७६ साली पकडला गेला. त्याच सुमाराला, १८७५ साली, सुप्याकडच्या कुणब्यांनीही सावकारांचे रोखे जाळले, तर सरकारने चौकशी नेमली आणि चार वर्षांनी शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. डोंगरातल्या कोळ्यांच्या वाट्याला बंदुका आल्या. पण तो विषय वेगळा, कधीतरी त्यावर लिहू.

तूर्त काम काय ते सांगतो. संघटनेने जामीनदारांची वही केली आहे. ज्यांच्या नावावर सातबारा आहे, मग तो अर्ध्या एकराचा का असेना, त्यांनी वहीत नाव घालावं. ताजा उतारा, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आधीच काढून ठेवावेत, म्हणजे अटक झाली त्याच दिवशी धावता येईल. एका माणसाने एकाच वेळी एकाच आरोपीला जामीन राहावं, नाही तर कोर्ट नाकारतं. आत्तापर्यंत नऊ नावं आली आहेत, त्यात दोन बाया आहेत. महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या भागात कामावर असलेल्यांनी आपलं नाव, वाडी आणि मुकादमाचं नाव आमच्याकडं लिहून ठेवावं, म्हणजे कोण कुठं आहे ते घरच्यांना टेम्पोवाल्याकडून कळायची वेळ येणार नाही. वही शनिवारी चाकणच्या बाजारात, नेहमीच्या जागी, दुपारपर्यंत असेल. अंगठा चालतो.

आपल्या तिघांतल्या दोघांनी गुन्हा कबूल केलेला नाही. त्यांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. लावणी उरकली असेल तर सोबत यावं.